‘सर्वसमावेशक’: कोण कोणाला सामावतं?

तालुकामास्तर

मंडळी, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो. आठवीची मुलं दरवर्षी हस्तलिखित काढतात. ज्यांना समाजात जागा नव्हती त्यांना ती मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, अशा माणसांवर यंदा लिहायचं ठरलं. फळ्यावर मी नाव लिहिलं, ‘सर्वसमावेशक समाजासाठी झटणाऱ्यांचा जीवनप्रवास’. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. एक मुलगी मात्र थांबली.

“सर, लेखक म्हणजे लिहिणारा. मग समावेशक म्हणजे समावेश करणारा ना? करणारा कोण, आणि ज्याचा करायचा तो कोण?”

मी म्हणालो, आपण सगळेच सगळ्यांचा करतो. त्यावर ती म्हणाली, “मग डबा ऐसपैसमध्ये मला कच्चं लिंबू का धरतात?”

तिला फार कमी दिसतं. पुस्तक नाकाला टेकवून वाचते. मुलं प्रेमळ आहेत, तिला खेळात घेतात. पण तिचा ‘धप्पा’ मोजत नाहीत आणि तिच्यावर राज्य कधी येत नाही. मैदानाच्या कडेला मी वर्षभर हे पाहत होतो आणि मुलांनी तिला सामावून घेतलंय या समाधानात होतो.

तर विचारायचं हे की समावेशक, सर्वसमावेशक, समावेशी, समावेशित यांतला नेमका शब्द कोणता? गटसाधन केंद्रात पाटी ‘समावेशित शिक्षण’ अशी आहे. दुसरं, मुलांच्या लेखांत महारोगी, अपंग, दिव्यांग, तृतीयपंथी, बहिष्कृत असे शब्द आलेत. लाल शाईनं कोणता खोडू आणि कोणता राहू देऊ? ‘जीवनप्रवास’बद्दलही सांगा. श्रद्धांजलीच्या फलकाबाहेर तो मला कधी आपलासा वाटला नाही.

विश्‌प्रवेशे

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीनं बरोबर वर्मावर बोट ठेवलंय. आधी व्याकरण उरकतो.

मूळ धातू विश्, म्हणजे आत जाणे. प्रवेश, निवेश, आवेश ही सगळी त्याचीच भावंडं. सम् + आ + विश् म्हणजे एकत्र आत शिरणे. संस्कृतात समावेशाचा पहिला अर्थ हाच. त्यात कोणी कोणाला ‘घेत’ नाही, सगळे मिळून आत जातात. मराठीत आपण त्याला ‘करणे’ जोडलं आणि शब्दाची दिशा फिरली. आत बसलेला करणारा झाला आणि बाहेरचा ज्याचा करायचा तो. समावेशक मधला ‘अक’ कर्ता दाखवतो, तेव्हा शिक्षण ‘समावेशक’ म्हणणं योग्य. ‘समावेशित’ म्हणजे ज्याला आत शिरायला लावलं आहे ते. शिक्षणाला हे विशेषण लावलं की शिक्षणालाच कुणीतरी आत ढकलल्यासारखं होतं. पण सरकारी कागदांत ते आता इतकं रुळलंय की भांडण्यात अर्थ नाही. ‘समावेशी’ हिंदीच्या वळणाचा. ‘सर्वसमावेशक’ मधलं ‘सर्व’ वर्तमानपत्रांनी चिकटवलं असावं असा माझा समज आहे. एखादा वगळूनही समावेशक राहता येतं, अशी शंका त्यामुळे उगाच येते.

आता ‘सामावणे’. दिसायला सारखा असला तरी हा वेगळ्या घरचा शब्द. मावणे, सामावणे हे ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूकडे जातात. आनंद गगनात मावत नाही, शेर पायलीत मावतो. म्हणजे सामावून घेण्यात भांडं आधीपासून ठरलेलं असतं आणि येणाऱ्यानं त्या मापाचं व्हायचं असतं. प्रवेशात तसं नाही. प्रवेश करणारा स्वतः कर्ता असतो. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, त्याला आपण मंदिरप्रवेश सत्याग्रह म्हणतो. त्याला ‘मंदिरसमावेश’ म्हणून पाहा, जीभ आपोआप अडते. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले. ते ज्यांच्यासाठी बसले त्यांच्यासाठीही शब्द प्रवेश हाच.

संस्थांची नावं काढून पाहा, तिथे मला फार मोठी गोष्ट दिसते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १८७३ साली जमखंडीला जन्मले, ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. त्याचं मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. बहीण जनाक्काही त्या कामात होती. त्या काळात या कामात पडणं म्हणजे आपल्याच जातभाईंशी वैर घेणं होतं, त्या धाडसाला तोड नाही. पण शब्द पाहा. निराश्रित म्हणजे आश्रय नसलेला. तो का नाही, कुणी काढून घेतला, याबद्दल शब्द गप्प आहे. त्याआधीचा ‘अस्पृश्य’ तर अजून वाईट. ‘स्पर्श करू नये असा’, म्हणजे दोष त्या माणसाच्या अंगातच असल्यासारखा. आणि १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्था काढतात ती ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. बहिष्कृत हे कर्मणी भूतकृदंत आहे. बाहेर केलेला. कुणीतरी केलेला! एका प्रत्ययानं बोट फिरलं, पीडितावरून पीडा देणाऱ्याकडे. १९०६ आणि १९२४ या दोन सालांमधलं अंतर मुलांना या दोन शब्दांतूनच शिकवा. ‘बहिष्कृत’ला लाल शाई लावू नका.

वरोरकर

‘महारोगी’बद्दल लिहितो, कारण आमच्या गावाची ओळखच त्या शब्दाशी बांधली आहे.

आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचं नाव आजही ‘महारोगी सेवा समिती, वरोरा’. १९४९ ची संस्था. बाबा आमटे त्याआधी इथे वकिली करायचे, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून डोक्यावरून मैला वाहिलेला माणूस. अशा माणसाला एका पावसाळी रात्री गटारीकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. हातापायांची बोटं झडलेली, अंगावर किडे. बाबा घाबरून पळाले. पुढे हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलं. ज्याला कशाची भीती वाटत नाही असं स्वतःबद्दल वाटत होतं तो पळाला, आणि ते पळणं झोपू देईना म्हणून परत गेला. तुमच्या मुलांपैकी कुणी हा ‘पळाले’ गाळून लेख लिहिला असेल तर तेवढं वाक्य परत घालायला सांगा. सगळी गोष्ट त्या एका क्रियापदावर उभी आहे.

आमच्याकडे म्हातारी माणसं ‘रगतपिती’ म्हणत. ‘महारोग’ हा त्या मानानं सभ्य शब्द होता, कुष्ठरोग त्याहून कोरडा, वैद्यकाचा. आता औषधानं रोग पूर्ण बरा होतो, तेव्हा ‘कुष्ठमुक्त’ म्हणतात. अडचण अशी की रोग गेला तरी शब्दात ‘कुष्ठ’ राहतोच. क्षयातून बऱ्या झालेल्याला आपण जन्मभर ‘क्षयमुक्त’ म्हणत बसतो का? कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते निघायला २०१९ साल उजाडलं. म्हणून माझं मत असं की संस्थेच्या नावातला ‘महारोगी’ तसाच राहू द्या, तो इतिहास आहे. आज जिवंत असलेल्या माणसाविषयी मात्र तो वापरू नका. त्याचं नाव लिहा आणि व्यवसाय लिहा. आनंदवनात तो शेतकरी असेल, विणकर असेल, सुतार असेल.

चाकावरून

मी कोल्हापूरची. गेली बावीस वर्षं व्हीलचेअरवर आहे, तेव्हा अपंग की दिव्यांग यावर दोन शब्द बोलायचा हक्क बजावते.

१९९५ च्या कायद्यात मराठीत आम्ही ‘अपंग’ होतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ सुचवला आणि बघता बघता दाखले, पास, रेल्वेचे डबे सगळ्यांवर तो आला. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ते मला नावापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. चळवळीतल्या अनेकांनी ‘दिव्यांग’ला तेव्हाच विरोध केला आणि मीही त्यांच्यातलीच. माझ्या पायात दिव्य काही नाही, मणक्याला इजा आहे. पण माझ्या शेजारच्या मुलाला तोच शब्द आवडतो. ‘पंगू’ म्हणून हाक ऐकत वाढलेला पोरगा तो, त्याला दिव्यांग म्हटल्यावर जरा ताठ बसता येतं. त्याच्याकडून मी शब्द हिसकावून घेणार नाही. म्हणून मास्तर, ज्याच्याविषयी लिहायचं त्याला विचारावं, आणि विचारता येत नसेल तर तो स्वतःला काय म्हणतो ते पाहावं.

नसीमादीदी हुरजूक यांनी आत्मकथेला नाव दिलं ‘चाकाची खुर्ची’. किती साधं! कॉलेजच्या वयात कमरेखालचं अंग गेलं. पुढे सरकारी नोकरी केली, १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. संस्थेच्या नावात ‘हँडिकॅप्ड’ आणि वसतिगृहाचं नाव ‘घरौंदा’. कागदावरचा शब्द एक आणि राहण्याचा शब्द दुसरा. आम्ही ‘घरौंदा’च म्हणतो.

तुमच्या मुलांपैकी कुणीतरी नक्की लिहिलं असेल की ‘त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या’. तुम्ही बिचकून खोडाल. खोडू नका. मी स्वतः सर्रास म्हणते, नोकरी लागली तेव्हा आईला फोन करून हेच म्हणाले होते. वाक्प्रचार आमचाही आहे. मला टोचतो तो दुसराच शब्द, ‘असूनही’. ‘अपंग असूनही हुशार’, ‘अंध असूनही गाणं छान’. त्या ‘ही’मध्ये वाचणाऱ्याची सगळी अपेक्षा उघडी पडते. लाल शाई तिथे वापरा, जिथे जिथे सापडेल तिथे.

उत्तरकसबा

सोलापूरहून. ‘विमुक्त’ कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

१८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आमच्याकडे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. माझ्या आजीचा जन्म तारेच्या आतला. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी. मी पहिलीत गेलो तेव्हा घरी येऊन कौतुकानं सांगितलं, “आज बाईंनी हजेरी घेतली.” आजीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिनं विचारलं, “का रं, काय केलंस?”

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि आम्ही ‘विमुक्त’ झालो. बहिष्कृतसारखाच हाही ‘कुणीतरी केलेला’ शब्द. वर कुणीतरी आत-बाहेर लिहिलंय. आमची अडचण उलटी होती, आम्ही आतच होतो. म्हणून समाजानं सामावून घ्यावं हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, दाराची कडी कुणाच्या बाजूला आहे?

विश्‌प्रवेशे

उत्तरकसबा, तुमच्या आजीचा प्रश्न मी विसरणार नाही.

‘तृतीयपंथी’चं राहिलं. पंथ म्हणजे वाट किंवा संप्रदाय, त्यात लिंगाचा संबंध नाही. ‘तृतीय’ म्हटलं की मोजणी आली, मग पहिला कोण हे विचारावं लागतं. त्यांच्या हक्कांच्या कायद्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी’ आहे, पण आपण तो शब्द गांडुळाच्या धड्यात शिकलो, माणसाला तो लावू नये. ‘पारलिंगी’ नवा आहे, अर्थानं जवळचा आहे, अजून तोंडात बसायचाय. १५ एप्रिल २०१४ च्या ज्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क मान्य केला, त्या खटल्याशी मुंबईच्या गौरी सावंत यांचं नाव जोडलेलं आहे. ‘सखी चार चौघी’ ही त्यांची संस्था. हे नाव मराठी कानाला काय सुरेख लागतं! चारचौघांत वावरता न येणाऱ्यांनी ‘चार चौघी’ म्हणून उभं राहायचं. मुलांना हे नाव फोडून दाखवा.

तालुकामास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. हे पानच्या पान मुलांना वाचून दाखवलं. ‘हजेरी’पाशी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट उघडला तेव्हा मलाच क्षणभर थांबावं लागलं.

‘असूनही’ अकरा ठिकाणी सापडला, मुलांनी स्वतः खोडला. ‘जीवनप्रवास’ जाऊन ‘वाटचाल’ आली. मुखपृष्ठासाठी एकानं ‘ज्यांनी दार उघडलं’ सुचवलं. त्यावर माझी ती विद्यार्थिनी म्हणाली, दार तर आतल्यांनी उघडलं, यांनी उघडायला लावलं. प्रयोजक क्रियापद मी त्यांना मागच्याच महिन्यात शिकवलं होतं. नाव ठरलं, ‘ज्यांनी दार उघडायला लावलं’.

खेळाच्या तासाला मुलांनी स्वतःच नियम बदलला. लपणाऱ्यानं राज्य घेणाऱ्याच्या हाकेला एकदा तरी ‘ओ’ द्यायची. काल तिच्यावर पहिल्यांदा राज्य आलं. डब्यापाशी उभी राहून तिनं शंभरपर्यंत आकडे मोजले, एकही न गाळता, आणि मग आवाजाच्या मागावर निघाली. तीन जण सापडले, चौथ्यानं मागून धप्पा दिला. पुन्हा राज्य आलं म्हणून ती रडकुंडीला आली आणि भांडली, आणि कुणीही तिला ‘जाऊ दे, तू कच्चं लिंबू’ म्हणालं नाही.

आता एक नवा प्रश्न. कच्च्या लिंबाच्या उलट शब्द काय? आमच्याकडची मुलं ‘पक्का गडी’ म्हणतात, पण मुलीला गडी कसं म्हणायचं यावरून मधल्या सुट्टीत वाद चाललाय. तुमच्या गावात काय म्हणतात?