कंपालाच्या मैत्रिणीसाठी: वैद्यकीय मानवशास्त्रात खर्चासकट पीएचडी कुठे मिळेल?

केतकी_कोथरूड: नमस्कार मंडळी. माझी युगांडाची मैत्रीण पुण्यात मानवशास्त्रात एमए करून घरी परतली. तिकडे गरोदर बायका एम्मुम्ब्वा घेतात. मातीत औषधी पाला कालवून वाळवलेल्या कांड्या असतात, त्या पाण्यात घोळून प्यायच्या. दवाखान्यातल्या गोळ्या चालू असतानाही त्या का घेतात, यावर तिला पीएचडी करायची आहे. फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळायला हवेत. अर्जांवर सगळे मिळून 100 डॉलरच घालता येतील.

बोस्टनकर: अमेरिकाच! चांगल्या विभागांत पाच वर्षं फी माफ, वर स्टायपेंड. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्को शाखांचा तर याच विषयाचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. डझनभर अर्ज टाकायचे. आमच्या लेकीने तेच केलं, आज तिसऱ्या वर्षाला आहे.

केतकी_कोथरूड: काका, एका अर्जालाच 100 च्या आसपास जातात हो.

रानवारा: त्यापेक्षा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, करा म्हणावं. नोकरी तरी लागते.

डॉ_सातारकर: एमपीएच वेगळं. 2014 च्या इबोलात पश्चिम आफ्रिकेत लोक दफन पथकांना हाकलून देत होते, कारण ती पथकं मयताला शेवटची अंघोळ घालू देत नव्हती. घरच्यांशी बोलून सुरक्षित आणि मानाचं दफन कसं करता येईल, हे ठरवताना मानवशास्त्रज्ञांचाच उपयोग झाला.

रानवारा: असेल. पण नोकरीचं काय?

उत्रेख्तची_मावशी: नेदरलँड्समध्ये पीएचडीच्या पुष्कळ जागा पगारी असतात, नोकरीसारखाच अर्ज, फी नाही. ॲमस्टरडॅमचं नाव या विषयात मोठं आहे. घर मात्र मिळत नाही, भाचीचे फार हाल झाले.

नैरोबीवाला: ताई, युगांडा राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे ब्रिटनची कॉमनवेल्थ पीएचडी शिष्यवृत्ती बघाच. फी, विमानभाडं, महिन्याचा खर्च, सगळं देतात. वेनर-ग्रेन फाउंडेशनची वॅड्सवर्थ फेलोशिप तर खास मानवशास्त्राची. आणि कार्टा, म्हणजे आफ्रिकेतल्या विद्यापीठांचा पीएचडीसाठीचा संयुक्त कार्यक्रम: नैरोबीची एपीएचआरसी ही संशोधन संस्था आणि जोहान्सबर्गचं विट्स विद्यापीठ मिळून चालवतात, कंपालाचं मकेरेरे विद्यापीठ त्यात भागीदार. पण तिथे सदस्य विद्यापीठात नोकरीला असावं लागतं, म्हणजे तुमच्या मैत्रिणीला उपयोग नाही.

बोस्टनकर: म्हणून म्हणतो, अमेरिका. अर्जाची फी माफ करा म्हटलं की बऱ्याच ठिकाणी करतात. आणि आधी गाईडला मेल टाका, नुसता अर्ज वाचतं कोण?

उत्रेख्तची_मावशी: गाईडचं मीही सांगणारच होते. आमच्याकडच्या एका गाईडने वर्षभर उत्तरच दिलं नाही.

केतकी_कोथरूड: सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिच्याशी सविस्तर बोलले. ती यंदा कुठेच अर्ज करणार नाही. आधी मकेरेरेत शिकवण्याची जागा मिळवायची आणि मग कार्टासाठी प्रयत्न करायचा, असं ठरवलंय. बायका लुगांडात बोलणार, तर ती भाषा कळणारा गाईड हवा, हे तिचं म्हणणं मलाही पटलं.

बोस्टनकर: वर्ष वाया जाईल हो! निदान फी माफीचे मेल तरी आजच टाकायला सांगा, त्याला पैसे पडत नाहीत.