मदत हवी आहे : सेकंडहँड स्ट्राँग हायब्रिड घ्यावी का? (रोज कासारवडवली ते महापे)

नमस्कार मंडळी,

गाड्यांतलं मला फार कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरी १२ वर्षांची सीएनजी वॅगनआर आहे. तिची तक्रार नाही, पण क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलाय, आणि घोडबंदरची रांग संपली की सीएनजी पंपाची सुरू होते. ठाण्याहून नवी मुंबईला रोज जाऊन-येऊन ४५ किलोमीटर, शनिवार-रविवार धरून महिन्याला ११०० च्या आसपास.

म्हणून ऑटोमॅटिक हवी, आणि आईला चढता-उतरता येईल इतपत उंच. नवीचं बजेट नाही. फिरून फिरून टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडवर (पेट्रोल इंजिनासोबत मोठी बॅटरी आणि मोटर, थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालते) आलोय. २७.९७ चं कागदावरचं अ‍ॅव्हरेज मिळणार नाही हे माहीत आहे, पण मानपाड्याच्या सिग्नलला इंजिन बंद राहतं हेच मला पुरे.

पहिल्या फेरीत फजिती झाली. जाहिरातीत ठळक 'हायब्रिड'. अर्धी रजा टाकून कापूरबावडीला गेलो, दार उघडलं तर पायाशी तीन पेडल, म्हणजे क्लच आलाच. विकणारा शांतपणे म्हणाला, "हायब्रिडच आहे की साहेब, माइल्ड." (म्हणजे मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी चालवत नाही.)

दुसरी गाडी खरी स्ट्राँग. एमएच ०५, डिसेंबर २०२२ ची, ५२,००० किलोमीटर, एकच मालक. मागतायत साडेबारा लाख, म्हणजे मी पाहिलेल्या तशाच गाड्यांपेक्षा लाख-सव्वा लाखानं कमी. गाडी चकाचक. सीट कव्हर कोरी, मॅट कोऱ्या, आत अत्तराचा घमघमाट. चालवली, आवडली. पण स्वस्त का, याचं उत्तर मालकाने तीन वेळा तीन वेगळं दिलं.

हायब्रिड बॅटरीची तब्येत कशी कळते? वॉरंटी मला मिळेल का? आणि पेट्रोलच्या बचतीतून जादा पैसे वसूल होतात का? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

— घोडबंदरी

विटावाकर :
कोरी मॅट आणि अत्तर एकत्र दिसलं की मी आधी पाणी शोधतो. तुमचा रस्ता विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जातो, तिथे पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. या गाड्यांत हायब्रिड बॅटरी मागे, डिकीच्या बाजूला असते. (डिकी छोटी का, तर म्हणून. गणपतीला कोकणात जाणार असाल तर बॅगा आधी घालून बघा.) साध्या गाडीत पाणी शिरलं तर कार्पेट वाळवून लोक विकून मोकळे होतात, इथे तसं करून भागत नाही.

पुढच्या सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ दिसली तर नमस्कार करून निघा. सीटच्या रुळांचा गंज बघा, मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबा. विम्याचे क्लेम किती आणि कशाचे, तेही विचारा.

पानापक्कड :
बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. वॉरंटी गाडीच्या नावावर चालते, पण सर्व्हिस चुकवलेली असेल तर कंपनी हात वर करू शकते. तेव्हा मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा, नंबरावरून सगळी हिस्टरी काढा आणि हायब्रिड सिस्टीमचं स्कॅनिंग करून घ्या. मालक यायला कां-कूं करू लागला तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

बॅटरीला थंड ठेवायला हवा आत ओढली जाते, ती जाळी धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी तुंबलेली नाही ना तेही बघा. अजून एक, या गाडीत नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा असते. माझी गाडी गावाला गेल्यावर तीन आठवडे उभी राहिली तर 'रेडी'चा (गाडी निघायला तयार असल्याचा) दिवाच लागेना. घरचे म्हणाले, गेले दोन लाख! छोटी बॅटरी उतरली होती, शेजाऱ्याकडून जंप स्टार्ट घेतला आणि संपलं.

गाडी १ एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे बीएस६ या प्रदूषणाच्या नियमांच्या दुसऱ्या टप्प्याच्या आधीची आहे. ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) काय ते तिच्याच मॅन्युअलमध्ये वाचा, सेल्समनला विचारू नका.

हिशेबी :
ट्रॅफिकमध्ये माइल्ड लिटरला १४ किलोमीटर देईल आणि स्ट्राँग २२, असं धरू. ११०० किलोमीटरला ७८.६ आणि ५० लिटर. फरक २८.६ लिटर, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला २,९७० च्या आसपास. दोन्हींच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर वसूल व्हायला जवळपास साडेआठ वर्षं लागतील, तोवर बॅटरीची वॉरंटीही संपलेली. बचतीसाठी घेऊ नका. गुडघ्यासाठी घ्यायची तर खुशाल घ्या.

कागद : गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत नावावर करा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही हे भाव करताना लक्षात ठेवा. बाकी ई-चलन त्याच्याकडूनच भरून घ्या.

घोडबंदरी :
सगळ्यांचे आभार. काल परत गेलो. डाव्या सीटचा पट्टा ओढला, शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची. मालक म्हणाला, मुलाने चॉकलेट मिल्क सांडलं. उजव्या सीटचा ओढला, तोही तसाच. सर्व्हिस सेंटरला जाऊया म्हटलं तर त्याला एकाएकी डोंबिवलीला लग्न आठवलं.

सोडली. हिशेबी, तुमचं गणित बायकोला दाखवलं, ती म्हणाली गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्चही त्यात धर.

रविवारी वाशीला एमएच ४३ बघायला चाललोय. पेडल किती आहेत ते या वेळी फोनवरच विचारून घेतलं.