रेसिड्यू म्हणजे अवशेष का? आणि काँटॅक्ट म्हणजे स्पर्श, संपर्क की सान्निध्य?

धरमपेठ : नागपुरात सिकलसेलविषयी भरणाऱ्या एका प्रदर्शनाच्या इंग्रजी फलकांचे मी मराठी करत आहे. विदर्भातील अनेक कुटुंबांना हा आजार जवळून ठाऊक असल्यामुळे वाचकांत विद्यार्थ्यांइतकेच रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही असतील. एका फलकाचा आशय असा आहे : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, रेणूने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतील ८५ व्या फेनिलअ‍ॅलॅनिन आणि ८८ व्या ल्युसिन या रेसिड्यूंशी काँटॅक्ट करते, आणि अशा जोडणीतून रेणूंचे लांब तंतू तयार होऊन पेशी विळ्यासारखी वाकते. मी ‘अमिनो आम्लांचा स्पर्श होतो’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी ते खोडून ‘अवशेषांचा संपर्क येतो’ असे केले. घरी आईने ते वाचले आणि रक्तात कसले अवशेष सापडले, असे विचारले. रेसिड्यूला आणि काँटॅक्टला सर्वसामान्य वाचकाला चालतील असे शब्द जाणकारांनी सुचवावेत.

महाल : ‘अवशेष’ या शब्दात काहीही दोष नाही. ‘शिष्’ म्हणजे उरणे; शेष, अवशेष, विशेष हे सर्व त्याच धातूचे, आणि ज्याचे मराठीत ‘उष्टे’ झाले ते उच्छिष्टही त्याच घरातले. मनसरच्या उत्खननामुळे आपल्याला अवशेष म्हटले की विटांचे चौथरे दिसतात, हा आपल्या सवयीचा भाग झाला. मात्र ‘संपर्क’ मला खटकतो. तो ‘पृच्’ म्हणजे मिसळणे या धातूवरून येतो आणि ‘संपृक्त द्रावण’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे, त्यामुळे वेगळे राहून केवळ जवळ आलेल्या दोन वस्तूंना संपर्क म्हणणे धात्वर्थाच्या विरुद्ध जाते. व्याकरणात ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या २५ व्यंजनांना ‘स्पर्श’ म्हणतात, कारण ती उच्चारताना मुखातील दोन अवयव खरोखर टेकतात. धरमपेठताईंचा मूळ शब्दच योग्य होता.

अंबाझरी : गुरुजी, टेकणे हेच येथे घडत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, प्रथिनांच्या रचनांतील काँटॅक्ट मोजणे हे माझे रोजचे काम आहे.

प्रथम ‘अमिनो आम्ल’. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि आम्लधर्म ज्या गटामुळे असतो तोच गट बंधात खर्ची पडतो. सुट्या ग्लायसिनचे रेणुवस्तुमान सुमारे ७५ असते, तर साखळीतील ग्लायसिनचे ५७. मधले १८ पाण्याचे. बीटा साखळीत १४६ एकके आहेत, म्हणजे ती घडताना पाण्याचे १४५ रेणू गेले. जे उरले ते रेसिड्यू. तेव्हा प्राध्यापकांची दुरुस्ती रसायनाच्या दृष्टीने रास्त आहे आणि आईंचा प्रश्न मराठीच्या दृष्टीने.

आता काँटॅक्ट. तो प्रयोगशाळेत ‘दिसत’ नाही, तो ठरवावा लागतो. बऱ्याच विश्लेषणांत प्रत्येक रेसिड्यूच्या बीटा कार्बनचे, म्हणजे साखळीच्या कण्यातून फुटणाऱ्या शाखेतल्या पहिल्या कार्बनचे, स्थान घेतात आणि दोन बीटा कार्बन ८ अँगस्ट्रॉमच्या आत असले तर काँटॅक्ट आहे असे धरतात. ग्लायसिनला बीटा कार्बन नसतो, म्हणून त्याचा अल्फा कार्बन, म्हणजे कण्यातलाच कार्बन, घेतात. दुसरे काही जण हायड्रोजन वगळून कोणतेही दोन अणू ४.५ किंवा ५ अँगस्ट्रॉमच्या आत आले तर काँटॅक्ट मानतात. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. एकाच रचनेवर हे दोन नियम लावले तर जोड्यांच्या दोन वेगळ्या याद्या मिळतात आणि दोन्ही आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असतात. साखळीत लागोपाठ येणाऱ्या दोन रेसिड्यूंचे अल्फा कार्बन एकमेकांपासून सुमारे ३.८ अँगस्ट्रॉमवर असतात, म्हणून ते कोणत्याही नियमाने यादीत येतातच आणि त्यांच्यापासून काहीच कळत नाही. यासाठी क्रमाने सहा जागांपेक्षा जवळच्या जोड्या पुष्कळदा मोजतच नाहीत. ज्या शब्दात ‘ही सीमा विश्लेषकाने आखली आहे’ हे सामावेल तो शब्द मला हवा आहे, आणि ‘स्पर्श’ तो नव्हे. माझे मत ‘सान्निध्य’ या शब्दाला.

काटोल : आमच्याकडे संत्र्याच्या बागा आहेत. ‘अवशेष’ म्हटले की आमच्या भागातला शेतकरी फवारणीनंतर फळावर राहिलेल्या कीटकनाशकाचा विचार करतो. ‘अवशेषमुक्त’ फळ हा बाजारातला शब्द आहे. फलकावर ‘रक्तातील प्रथिनाचे अवशेष’ असे छापले, तर हा रोग फवारणीतून येतो असा समज करून घेणारे निघतील, आणि आनुवंशिक आजाराच्या बाबतीत असा समज घातक ठरेल. साखळी आहे, तर ‘मणी’ म्हणा : सहाव्या जागचा मणी बदलला.

प्रतापनगर : रेसिड्यूला रेसिड्यूच म्हणावे. रक्ताचा अहवाल हातात घेतलेल्या माणसाला इलेक्ट्रोफोरेसिस हा हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीचा शब्द चालतो, मग रेसिड्यूनेच काय घोडे मारले? नागपूरकरांना तरी हे सांगायला नको. डॉ. रघुवीर यांनी याच शहरात राहून ऑक्सिजनसाठी ‘जारक’ आणि नायट्रोजनसाठी ‘भूयाति’ असे शब्द घडवले. आज सीताबर्डीवर उभे राहून भूयातिचा अर्थ विचारून पाहावा.

महाल : जारक टिकला नाही म्हणून घडवलेले शब्द टिकतच नाहीत, हा निष्कर्ष घाईचा आहे. ताईंच्या फलकावर ‘प्राणवायू’ आहे. पंचप्राणांतला हा शब्द कोणीतरी उचलून ऑक्सिजनला दिला, आणि तो आज कोणालाही खटकत नाही. ‘सान्निध्य’ मात्र मला पटत नाही. सान्निध्य संतांचे असते, निसर्गाचे असते. त्यात आदर आणि निवांतपणा आहे. दोन कार्बन अणूंना तो भार पेलणार नाही.

अंबाझरी : आदराचा मुद्दा मान्य, तरीही स्पर्श नको. या क्षेत्रात एकच इंग्रजी शब्द परस्परविरुद्ध टोकांना वापरला जातो, हे येथे नोंदवतो. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासहून प्रसिद्ध केलेल्या कामात अणूंमधील ‘काँटॅक्ट अंतरे’ दोन पातळ्यांवर धरली होती, एक नेहमीची आणि एक टोकाची. तेथे काँटॅक्ट अंतर म्हणजे किमान अंतर : त्याहून जवळ येता येणार नाही, आले तर टक्कर. ८ अँगस्ट्रॉमचा नियम कमाल अंतर सांगतो : त्याहून लांब असाल तर तुमची गणना नाही. पहिल्या अर्थाला गुरुजींचा ‘स्पर्श’ कदाचित चालेल, दुसऱ्याला मुळीच नाही.

‘मणी’ ऐकायला गोड आहे, पण माळेतले मणी सारखे असतात आणि येथे वीस प्रकार आहेत. प्रत्येकाची पार्श्वशाखा वेगळी आणि बहुतेक काँटॅक्ट त्या शाखांमुळेच जमतात. ग्लुटामिक आम्लाच्या शाखेवर ऋण भार असतो, व्हॅलिनची शाखा भाररहित आणि पाण्यापासून दूर राहू पाहणारी असते. सगळा फरक एवढ्यातच आहे.

प्रतापनगर : मग ‘लाँग-रेंज काँटॅक्ट’चे काय करणार? दूरचे सान्निध्य?

अंबाझरी : ही अडचण खरी आहे. साखळीच्या क्रमात २४ किंवा त्याहून अधिक जागांचे अंतर असलेली, पण घडीमुळे अवकाशात जवळ आलेली जोडी म्हणजे लाँग-रेंज काँटॅक्ट. ‘दूरचा संपर्क’ म्हटले तर दूरध्वनीवर बोलल्यासारखे वाटते. ‘क्रमाने दूर, घडीने जवळ’ असे मी व्याख्यानात सांगतो, पण ती संज्ञा होत नाही. ताईंच्या फलकाला तर तेही लागू नाही : ६ आणि ८५ मधला ७९ चा फरक तेथे निरर्थक आहे, कारण ते दोन वेगवेगळ्या रेणूंत आहेत.

काटोल : ‘खेटून’ का नको? खेटून बसलेली माणसे एकमेकांना टेकलेलीच असतात असे नाही, आणि किती जवळ म्हणजे खेटून हे बघणाराच ठरवतो.

महाल : ‘खेटणे’ हे क्रियापद म्हणून उत्तम आहे. मात्र ‘काँटॅक्ट मॅप’ला ‘खेटण-नकाशा’ म्हणावे लागेल, आणि मुळात तो नकाशाही नाही. दोन्ही अक्षांवर तीच साखळी मांडून काँटॅक्ट असलेल्या जोड्यांवर खूण केलेली चौकट आहे ती.

धरमपेठ : सर्वांचे आभार. काटोल यांचा फवारणीचा मुद्दा प्राध्यापकांना कळवला असून ‘अवशेष’ काढण्यास त्यांची संमती मिळाली आहे. सध्याचे वाक्य असे : ‘बदललेले व्हॅलिन शेजारच्या रेणूतील ८५ व ८८ या जागांवरील घटकांनी बनलेल्या खाचेत बसते.’

अंबाझरी : वाक्य अचूक आहे. ‘बसते’मुळे काँटॅक्टचा प्रश्न येथे उरत नाही, माझ्या लेखांत तो उरतोच. मात्र ‘घटक’ म्हटल्यावर हीम हा लोहयुक्त भागही हिमोग्लोबिनचा घटक ठरतो, त्याचे काय?

प्रतापनगर : आणि ‘बदललेले व्हॅलिन’ कसे? बदलले ते ग्लुटामिक आम्ल. व्हॅलिन त्याच्या जागी आले.

महाल : त्याआधी व्हॅलिन नपुंसकलिंगी कोणी ठरवले? इन्सुलिन, पेनिसिलिन ही नपुंसकलिंगी चालतात हे खरे, पण आमच्या घरी डॉक्टरांपासून कंपाउंडरपर्यंत सर्व जण ‘इन्सुलिन दिली’ असे म्हणतात.

काटोल : आमच्याकडे ‘इन्सुलिन दिला’.