मदत हवी आहे: मधल्या सुट्टीतली शिवीगाळ कशी थांबवावी?

नमस्कार. करवीर तालुक्यात चौथीला शिकवते. पोरं गुणी आहेत, पण मधल्या सुट्टीत शिव्या, ढकलाढकली वाढलीय आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना खेळातच घेत नाहीत. हे शेवटचं मला फार लागतं. शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते याच कोल्हापुरात.

छडी नकोच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारण्याला आणि मानसिक त्रासालाही बंदी आहे. परिपाठात बोधकथा होते, नळावर पुन्हा तेच.

वर्गाचे नियम मुलांनीच ठरवले तर टिकतात का? भांडणानंतर दोघांना बोलतं कसं करता? आणि शिव्या घरूनच येत असतील तर पालकसभेत न दुखावता कसं मांडायचं? करून पाहिलेलं असेल तर सविस्तर लिहा.