वाचनगटात ‘पेद्रो पारामो’ : तुम्ही कुठे अडलात?

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ झाली. मेक्सिकोची, १९५५ सालची कादंबरी. जेमतेम सव्वाशे पानं, एका बैठकीत उरकेल म्हणून घेतली, आणि सातपैकी चौघं अर्धवट वाचून आले! प्रकरणं नाहीत, तुकड्यांमध्ये नुसती कोरी जागा. आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो बापाला, म्हणजे पेद्रो पारामोला, शोधत कोमाला गावी येतो, एवढंच काय ते सरळ. कुणी गटात वाचली असेल तर लिहा. वादावादीसकट.

*

आमच्या गटातल्या एक काकू, निवृत्त गणित शिक्षिका, पात्रांची यादी करत वाचत होत्या. मेलेल्यापुढे फुली. वाटेत भेटलेला गाढववाला आबुंदिओ, फुली. हुआनला उतरायला जागा देणारी एदुविहेस म्हणते, तू येणार हे तुझ्या आईने आजच कळवलं. आई तर आठवड्यापूर्वीच वारलेली. दोघींना फुली. मध्यावर खुद्द हुआनच मेलेला निघाला, तेव्हा काकूंनी वही मिटली. “मग इतका वेळ सांगत कोण होतं मला?” हे त्या अजून फोन करून विचारतात.

*

पन्नासाव्या पानावर सोडली. लेखक गार्सिया मार्केसला म्हणे तोंडपाठ होती. असेल बापडी.

*

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. वाडीतली निम्मी घरं गणपतीपुरती उघडतात. त्यामुळे हुआनला गावात भेटणारी दामियाना म्हणते ना, गाव प्रतिध्वनींनी भरलंय, भिंतींच्या पोकळीत अडकलेत ते, तिथे मी पुस्तक पालथं घातलं आणि उठून दिवा लावला. गटात एकीचं म्हणणं, हे तुमच्या कोकणातल्या भुतांसारखंच. मला नाही पटलं. आमचं भूत नारळ-कोंबड्यावर गप्प बसतं. कोमालातल्या मेलेल्यांना हवी असते प्रार्थना, आणि फादर रेन्तेरीआ तीसुद्धा समोरच्याचा खिसा बघून करतो. पेद्रोने हुआनच्या आईशी, दोलोरेसशी लग्न केलं तेही तिच्या घराला असलेलं आपलं देणं बुडवायला. मला तर ही भुतांपेक्षा देण्याघेण्याचीच कादंबरी वाटली. यावर आमच्याकडे तासभर जुंपली, चहा निवला.

*

कामानिमित्त तीन वर्षं मेक्सिकोत ग्वादालाहाराला होते. तिकडे ‘कोमाल’ म्हणजे मक्याच्या तोर्तिया भाजायचा तवा. म्हणून तर आबुंदिओ सांगतो, इथला माणूस मरून नरकात गेला तरी पांघरूण न्यायला परत येतो. चंद्रपूरच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, “आमच्या मे महिन्यावरच लिहिलंय की!”

*

आमचं अडलं पेद्रोच्या लाडक्या बायकोच्या, सुसानाच्या मरणापाशी. घंटा दिवसच्या दिवस वाजत राहतात, बाहेरगावच्यांना वाटतं जत्रा आहे, ते येतात आणि खरंच जत्रा भरते. पेद्रो हाताची घडी घालून बसतो आणि गाव उपाशी मारतो. निम्मे म्हणाले प्रेम, निम्मे म्हणाले माज. मी माजवाल्यांत. पुढच्या रविवारी पुन्हा हीच घेतोय, पोहे माझ्याकडे.