अनुभव धागा : वाल, पावटा, घेवडा – तुमच्या घरी कोणता, आणि तो कसा शिजतो?

माझे माहेर लातूरचे आणि सासर पेणचे. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सासूबाईंनी फोनवर सोमवारी वालाचे बिरडे करायला सांगितले. मी पुण्यातल्या किराणा दुकानातून 'वाल' म्हणून मिळालेले पांढरट, टपोरे दाणे आणले, रात्रभर भिजवले आणि सालीसकट कुकरच्या चार शिट्ट्या देऊन मोकळी झाले. संध्याकाळी सासूबाई आल्या, त्यांनी झाकण काढून पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे पावटे आहेत गं. आणि त्यांचंही पिठलं झालंय."

पुढे कळले की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने माझी चूक अर्धीच होती. कडवे वाल, पावटा आणि मंडईत मिळणारी वालपापडी ही सगळी लॅबलॅब पर्पुरिअस या एकाच जातीची भावंडे आहेत. कोणाची शेंग कोवळी असताना खायची, कोणाचा ओला दाणा काढायचा आणि कोणाचा दाणा वाळवून ठेवायचा, एवढाच फरक. याउलट 'घेवडा' या एका नावाखाली भलतीच मंडळी एकत्र नांदतात. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी, आणि फरसबी व राजमा हे एकाच झाडाचे, फॅसिओलस व्हल्गॅरिसचे, दोन अवतार आहेत. ते झाड मूळचे अमेरिका खंडातले, म्हणजे आपल्याकडे मिरची आणि बटाट्याप्रमाणेच समुद्रावरून आलेले. तरीही आमच्या लातुरात वालाच्या शेंगेलाही घेवडाच म्हणतात आणि कोणाचे काही बिघडत नाही.

तर आपल्या घरी काय पिकते किंवा विकत येते, त्याला काय म्हणतात, ते भिजवण्या-सोलण्यापासून ताटात येईपर्यंत काय काय करावे लागते आणि कधी काय फसले, हे सविस्तर लिहावे. मटकी, हरभरा आणि कुळीथ यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांना इथे घेतले तर वालाला जागा उरणार नाही.

रोह्याहून

आमच्याकडे कडव्या वालाला वेगळे शेत लागत नाही. भात कापून झाले की जमिनीत जो ओलावा उरतो त्यावरच वाल पेरतात, आणि पुढे पावसाचा थेंब न पडता, थंडीच्या दवावर ते वाढतात. जानेवारीत शेंगा भरतात, होळीच्या सुमारास वाल वाळून घरात येतात. दाणा लहान, तपकिरी आणि चपटा असतो. पावट्याशेजारी ठेवला तर त्याचा गरीब चुलतभाऊ वाटावा, पण चवीत उलटे आहे.

आता बिरडे, कारण धागा काढणाऱ्या ताईंना त्याचीच गरज दिसते. वाल सकाळी भिजत घालावेत, रात्री ते पाणी फेकून द्यावे आणि जुन्या, मऊ पंचात घट्ट बांधून उबेला ठेवावेत. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक दिवस लागतो. मोड आले की वाल कोमट पाण्यात अर्धा तास घालावेत. मग दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मोडाच्या विरुद्ध टोकाशी हलकेच दाबला की साल बोटांत राहते आणि डाळिंबी, म्हणजे सोललेला दाणा, सुटून उडी मारते. लहानपणी आम्ही भावंडे ती समोरच्याच्या कपाळावर मारत असू आणि आजी पहिल्या चार डाळिंब्यांपर्यंत दुर्लक्ष करीत असे. पाव किलो वाल सोलायला दोन माणसांना गप्पांसकट पाऊण तास लागतो. बिरड्याची पूर्ण डाळिंबी मशीनला जमत नाही, म्हणून ते आजही ज्याच्या घरी बसायला माणसे आहेत त्याच्याकडेच होते.

सोललेल्या डाळिंब्या तेलात हिंग, जिरे आणि हळदीवर परतून, बेताचे पाणी घालून, वर पाणी भरलेली ताटली झाकण म्हणून ठेवावी. आतले पाणी आटले तर ताटलीतले गरम पाणीच घालायचे, गार पाणी घातले की दाणा दडस होतो असा आमच्या घरचा पक्का समज आहे. पळी अजिबात घालायची नाही. पातेले दोन्ही हातांनी धरून हिसडायचे. गूळ आणि आमसूल दाणा बोटाखाली दबू लागल्यावरच घालावे, कारण आंबट पदार्थ आधी पडला की दाणा शिजायचे नावच घेत नाही. शेवटी नारळाचे दूध किंवा ओले खोबरे. श्रावणी सोमवारी कांदा-लसूण नाही. एरवी घालायला हरकत नाही, पण मला त्याने वालाचा तो मागाहून येणारा किंचित कडवटपणा झाकला गेल्यासारखे वाटते, आणि तो कडवटपणा नको असेल तर कडवे वाल आणायचे तरी कशाला?

पोपटीबद्दलही लिहायला हवे. थंडीत वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि चालत असेल तर मसाला लावलेली कोंबडी, हे सगळे भांबुर्डी या रानवनस्पतीच्या पाल्यात रचून मडक्यात भरायचे, मीठ आणि ओवा टाकायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही, तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके शेतात उपडे घालायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकायचा, म्हणजे झाली. भांबुर्डीचा उग्र वास शेंगेच्या सालीत मुरतो, आणि ती शेंग दातात धरून ओढून खाल्ल्यावर बोटांना दुसऱ्या दिवशीही तोच वास येत राहतो.

नागपूरहून

पोपटी हा शब्द वाचून क्षणभर गोंधळ उडाला, कारण आमच्याकडे वालाच्या शेंगांनाच पोपट म्हणतात. बाजारात 'पोपट कसे दिले?' असे विचारले की बाहेरगावच्या पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. हिवाळ्यात पोपटाचे दाणे वांग्याबरोबर, तेलाची तर्री येईल अशा रश्श्यात शिजवतात. तुरीच्या ओल्या दाण्यांचेही, म्हणजे सोल्यांचेही, वांग्याशी असेच जमते. पण ते या धाग्यात बसणार नाहीत म्हणून हात आवरता घेतो.

कोरेगाव तालुक्यातून, सातारा

घेवड्यावर बोलायचे तर आमच्या वाघ्या घेवड्यापासून सुरुवात करावी लागेल. दाण्याच्या फिकट अंगावर तांबडे पट्टे असतात, म्हणून तो वाघ्या. जात राजम्याचीच, पण बाजारातल्या गडद लाल राजम्यापेक्षा साल पातळ आणि शिजायला सोपा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. खरिपात पेरला की अडीच ते तीन महिन्यांत हातात येतो, त्यामुळे त्याच रानात पुढे ज्वारी घेता येते. नेमका काढणीच्या वेळी पाऊस लागला तर मात्र शेंगेतच दाणा डागाळतो, पट्टे काळवंडतात, आणि व्यापारी मूठभर दाणे तळहातावर पसरून एक शब्दही न बोलता भाव पाडतो. दोन वर्षांपूर्वी आमचा निम्मा माल असाच गेला. तो घरात खाल्ला; चवीत काडीचाही फरक नव्हता.

शिजवण्यात सांगण्यासारखे एवढेच की पट्टे कोणालाही वाचवता येत नाहीत. शिजल्यावर वाघाचा साधा तांबूस दाणा होतो, हे पाहून माझी मुलगी लहानपणी रडली होती. रात्रभर भिजवून, पाणी बदलून मऊ शिजवावा, एक पळीभर दाणे तिथेच घोटून घ्यावेत म्हणजे रस्सा वेगळा दाट करावा लागत नाही, आणि मग कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण व घरचा काळा मसाला. सोबत बाजरीची भाकरी. पंजाबी पद्धतीने टोमॅटो घालून केलेला राजमाही आमच्याकडे होतो, पण त्याला आई 'पाहुण्यांची भाजी' म्हणते.

म्हापशाहून

गोव्यात या कुटुंबाची जागा आळसाण्यांनी घेतली आहे. आळसाणे हे चवळीचे भाऊबंद, पण दाणा चवळीपेक्षा चांगलाच मोठा आणि चव मातकट-गोडसर. तेही कोकणातल्या वालाप्रमाणे भात काढल्यानंतरच्या ओलाव्यावर होतात, त्यामुळे रोह्याचा अनुभव वाचताना घरचेच वाचल्यासारखे वाटले. त्यांचे तोणाक करतात: धणे, मिरी, लवंग, सुकी मिरची आणि कांदा-खोबरे चांगले खरपूस भाजून बारीक वाटायचे, आणि शिजलेल्या आळसाण्यांना त्यात दोन उकळ्या द्यायच्या. खोबरे भाजताना घाई केली तर तोणाक पिवळे होते, आणि पिवळे तोणाक आमच्या घरी कोणी ताटात घेत नाही. सकाळी ताज्या पावाबरोबर खावे. आदल्या दिवशीचे असेल तर अधिक उत्तम.

बेंगळुरूहून

बत्तीस वर्षे इथे आहे, आणि पावट्याला इतका मान देणारे दुसरे शहर मी पाहिलेले नाही. इथे त्याला अवरे म्हणतात. थंडीत व्ही. व्ही. पुरम भागात अवरेची जत्राच भरत आलेली आहे, आणि तिथे डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यात अवरे घातलेले मी स्वतः खाल्ले आहेत (जिलबी एकदाच). शेंग विकत घेताना इथल्या बायका ती नाकाशी नेतात. चांगल्या शेंगेच्या सालीवर किंचित चिकट, तेलकट लेप असतो आणि त्याला एक खास गंध येतो. त्याला कन्नडमध्ये 'सोगडु' म्हणतात. सोगडु नसलेली शेंग कितीही भरलेली असली तरी परत टोपलीत जाते.

रोहेकरांच्या डाळिंबीसारखाच प्रकार इथे ओल्या दाण्याचा करतात. ओले दाणे काही तास पाण्यात ठेवून चिमटीत दाबून सोलतात, त्याला 'हितकिद अवरेकाळू' म्हणतात. 'हितकिद' म्हणजे चिमटून बाहेर काढलेला. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा शेजारणीला कन्नड आणि आईला मराठी याखेरीज काही येत नव्हते, तरी दोघींनी एकाच परातीतले दोन किलो दाणे एका दुपारी सोलून संपवले होते.

वडोदऱ्याहून

उपड्या मडक्यावरून आठवले: गुजरातीत 'ऊंधुं' म्हणजे उपडे, आणि उंधियूचे नाव त्यावरूनच आलेले आहे. दक्षिण गुजरातेत, वलसाडच्या बाजूला हमरस्त्यावर हिवाळ्यात मिळणारे उबाडियुं तर आपल्या पोपटीचे सख्खे भावंडच आहे. त्यातही पापडी, कंद आणि पाला, आणि पाणी नाही.

न्यू जर्सीहून

फसलेल्या प्रयोगांबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो, कारण आमचा प्रयोग केवळ फसला नाही, त्याने आम्हाला आडवे केले. नोकरीच्या धावपळीत आम्ही सावकाश शिजवणारे विजेचे भांडे घेतले. सकाळी भिजवलेला लाल राजमा मसाल्यासकट त्यात टाकला, सर्वांत मंद आचेवर ठेवला आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी दाणा खायला मऊ वाटला. जेवून तीन तास होत नाहीत तोच घरातल्या चौघांनाही उलट्या सुरू झाल्या. राजमा शिळा असेल असे आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न 'उकळला होता का?' असा विचारला.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते आणि लाल राजम्यात त्याचे प्रमाण फार असते. ते खळखळत्या उकळीनेच निकामी होते. मंद आचेवर दाणा मऊ होतो पण हे प्रथिन शिल्लक राहते, आणि असा अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. म्हणून किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात निदान १० मिनिटे, खरे तर अर्धा तास, खळखळून उकळावा, आणि मगच हवे त्या भांड्यात हवे तितके सावकाश शिजवावे. प्रेशर कुकर वापरणाऱ्यांना ही भीती नाही. आईने फोनवर फक्त एवढेच विचारले की, "कुकर दिला होता ना मी बरोबर?"

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: ओले पावटे न मिळाल्यास इथे गोठवलेले लिमा बीन्स मिळतात. ते पेरूच्या लिमा शहराच्या नावाचे, वेगळ्याच जातीचे दाणे आहेत आणि त्यांना पावट्याचा वास नाही. पण आले-मिरची-खोबऱ्याच्या वाटणात पोह्यांबरोबर दिले तर पाहुणे विचारत नाहीत.

कोल्हापूरहून

अबईच्या शेंगांचा कोणीच उल्लेख केला नाही. वीतभर लांब, तलवारीसारखी रुंद शेंग, कुंपणावर चढवलेल्या वेलाला लागते. कोवळी असतानाच शिरा काढून, बारीक चिरून भाजी करावी. जून झालेल्या शेंगेतले दाणे मोठे आणि मोहात पाडणारे असतात, पण ते नीट उकळून पाणी टाकल्याशिवाय खाऊ नयेत. आमच्याकडे तर ते पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठीच ठेवतात.

पुन्हा पुण्याहून, धागा काढणारी

रोहेकरांच्या सांगण्यानुसार परवा पेणहून आणवलेले खरे कडवे वाल भिजवले, पंचात बांधले, मोडही छान आले. घाईत कोमटऐवजी चांगलेच गरम पाणी ओतले, त्यामुळे अर्ध्या डाळिंब्या सोलताना दुभंगल्या. बाकी सगळे लिहिल्याप्रमाणे केले, पळीला हात लावला नाही, आमसूल शेवटी घातले. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, ताटातली एक तुटकी डाळिंबी बोटाने बाजूला केली आणि म्हणाल्या, "पाणी कढत होतं का?"

रोह्याहून

पाणी कोपर बुडवून पाहावे. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे असते तेवढेच.