मदत हवी आहे: वादविवादाच्या तासाला निम्मा वर्ग गप्प

नमस्कार मंडळी. आम्ही पाच कॉलेजची मुलं दर शनिवारी आठवी-नववीच्या चाळीस विद्यार्थ्यांना वादविवाद आणि जीवनकौशल्यं शिकवतो. पैसे घेत नाही, अनुभवही फारसा नाही.

सुरुवात वर्ल्ड स्कूल्स पद्धतीने केली: दोन संघ, प्रत्येकी तीन वक्ते, आठ-आठ मिनिटांची भाषणं. आठ मिनिटं! दुसऱ्याच मिनिटाला मुलं आमच्याकडे बघायला लागली. आता दोन मिनिटांवर आणलंय. तरी बोलतात तीच चार-पाच जणं, बाकीचे टाळ्यांपुरते.

दुसरा गुंता असा. एका मुलीला तिच्या मताविरुद्धची बाजू आली, तर ती म्हणाली, "दादा, मग मी खोटं बोलू का?" मला धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगता अशा वेळी?

जीवनकौशल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा कौशल्यांची यादी घेतली होती. 'भावनांची हाताळणी' यावर मी चक्क व्याख्यान दिलं. माझीच चूक, मान्य. सहानुभाव किंवा निर्णयक्षमता यांवर कोणी खेळ, नाट्यप्रसंग घेतले असतील तर नेमकं काय केलंत ते लिहा. आणि लाजऱ्या मुलांना न दटावता बोलतं कसं करायचं, हे आधी सांगा. पुढचा तास याच शनिवारी आहे.